पाच पानं, सहा नावं

वैशाख लागला की वर्सोव्यात लग्नं सुरू होतात. यंदाही झाली आहेत. आमच्या गल्लीत लोखंडी नळ्यांचा मांडव उभा आहे, त्याला जांभळं कापड लावलंय आणि माणसाच्या उंचीची गाण्याची खोकी रस्त्यात आणून ठेवली आहेत. भिंतीवरची भांडी हलतात. नात म्हणते, आज्जी, कानात कापूस घाल. मला त्या आवाजाचं काही नाही. तो चालू असला की उलट बरं वाटतं. हळदीच्या दिवशी जेवणं झाली की वाजवणारी पोरं आडवी होतात आणि तासभर सगळं गप्प होतं. मग मी उठते आणि भांडी घासायला घेते. घासलेली असली तरी पुन्हा घासते.

मी सांगते आहे तो वैशाख ऐंशी सालाच्या पुढचा. गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि कामावरून सुटलेली माणसं अजून रिकामी फिरत होती. आमच्या पाठीमागची खाजणं बुजवून इमारती चढत होत्या. त्यांची सिमेंटची धूळ आमच्या वाळत घातलेल्या मासळीवर येऊन बसायची. मी चाळिशीत होते. सकाळी टोपली घेऊन बसने अंधेरीला जायचं, मासे विकायचे, दुपारी परत यायचं आणि संध्याकाळी जनीआयकडे गाणं शिकायला बसायचं.

आमच्या लग्नात भटाच्या आधी धवलारीण लागते. ती म्हातारी बाई असते आणि ती गाते. तिच्या गाण्याला धवले म्हणतात. तिने म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. धवल्यात पहिलं आवतण देवांना, मग घरातल्या पितरांना. प्रत्येक घराची नावं वेगळी आणि ती क्रमाने घ्यावी लागतात, बापानंतर मुलगा, त्यानंतर त्याचा मुलगा. कोळीवाड्यात कागद कोणाकडेच नव्हते. सरकारी माणूस जमिनीचं विचारायला आला की म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. शेवटी कोणीतरी त्याला आमच्या धवलारणीच्या, जनीआयच्या ओट्यावर आणायचं. तिलाही नुसतं बोलून सांगता यायचं नाही. ती डोळे मिटायची, पहिल्या नावापासून गात यायची आणि हवं ते नाव आलं की थांबायची. सरकारी माणूस हातात पेन घेऊन ताटकळायचा. आमच्या गावाची सगळी जुनी माहिती त्या एका बाईच्या गळ्यात होती आणि ती बाई सत्तरीची होती. त्याची काळजी मला सोडून कोणाला नव्हती. मलाही होती असं नाही म्हणणार. मला आवाज बरा होता, म्हणून तिने मला पकडलं.

शिकवायची तिची एक रीत होती. बोंबील वाळत घालताना एकटा घालत नाहीत. दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला लोंबतो, दुसरा त्या अंगाला. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, खाली पडतो. धवल्यातली नावंही तशीच जोडीने चालतात, एका ओळीत दोन. जनीआय मला दोरीखाली उभं करायची. जोडी अडकवायची आणि दोन नावं म्हणायची. पुढची जोडी, पुढची दोन. नाव चुकलं तर ती सगळी दोरी रिकामी करायला लावायची. ओल्या बोंबलाचे दात बारीक असतात. दोन वर्षं माझी बोटं खरचटलेली होती, पण नऊ घरांची नावं मला पाठ झाली.

माझ्या माहेरची पाच. पोशा, लखमा, गजा, नारायण, धर्मा. पोशाने खाडीपलीकडून येऊन इथे पहिली झोपडी बांधली. लखमा दर्यात गेला आणि त्याचं काही हाती लागलं नाही. गजा तापाने गेला, त्या साथीत अर्धी गल्ली रिकामी झाली. नारायणच्या पायात जाळ्याचा दोर अडकला आणि जाळ्याबरोबर तो खाली गेला. धर्मा माझा बाप, तो खाटेवर मेला आणि त्याची त्याला लाज वाटत होती. पाच म्हणजे दोन जोड्या आणि एक सुटा. सुट्या नावासाठी वेगळी अर्धी ओळ आहे. धर्मा पितर या, सकल पितर या. म्हणजे ज्यांची नावं आम्ही विसरलो तेही या. अशी ओळ ठेवणारी बाई शहाणी असली पाहिजे.

जनीआयने एकच गोष्ट बजावली होती, आपल्या माहेरचे धवले आपण म्हणू नयेत. ती म्हणायची, आपली नावं गळ्यात अडकतात गो. मी म्हटलं, माझ्या नाही अडकणार. अडकली नाहीतच.

त्या वर्षी शिमग्यानंतर जनीआयचा गळा गेला. तोंड उघडलं की नुसता वारा यायचा. आणि वैशाखात माझ्या भावाच्या मुलीचं, सुलूचं लग्न ठरलं, खाडीपलीकडे मढला. भाऊ काशिनाथ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, स्वतःच्या बोटीचा तांडेल. धवले म्हणणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. जनीआयने खुणेने सांगितलं, मी शेजारी बसते. त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

लग्नाला पाच दिवस असताना काशिनाथ बोट घेऊन बाहेर पडला. सगळ्यांनी सांगितलं, हंगाम संपत आलाय, वाऱ्याचा भरवसा नाही, घरी बस. तो म्हणाला, पोरीच्या लग्नाला बाजारातून विकतचे पापलेट आणू काय, मढची माणसं माझ्या तोंडावर थुंकतील. हळदीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाला. तो दिवस गेला. हळदीची सकाळ गेली. बोटी एका भरतीने मागेपुढे होतातच. फक्त त्याची बायको हिरा दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून दारात जायची आणि परत यायची. दक्षिणेचा वारा सुटला होता आणि मांडवावरची माडाची झापं फडफडत होती.

दुपारी पितरांची पानं मांडली. केळीची पाच पानं एका रांगेत, प्रत्येकावर भात आणि तळलेल्या मासळीचा तुकडा. घरधनीण लोटा घेऊन बसते. नाव आलं की ती त्या पानाभोवती पाणी सोडते आणि पुढच्या पानाकडे सरकते. हिरा बसली. बायका भिंतीला टेकून होत्या. जनीआय माझ्या उजव्या हाताला. मी सुरू केलं.

पोशा, लखमा. हिराने पाणी सोडलं. गजा, नारायण. पाणी सोडलं. आवाज चांगला लागला होता, हे मी आजही खोटं सांगणार नाही. मला मजा येत होती. माझी बोटं मांडीवर आपोआप जोड्या अडकवत होती. धर्मा पितर या, मी म्हटलं, आणि बोटांत एकच राहिला. दुसरा हवा होता. हाताला दोन वर्षांची सवय, तोंड काही थांबलं नाही. बापानंतर मुलगा. काशिनाथ पितर या, मी म्हटलं.

हिराचा हात सहाव्या पानाकडे गेला आणि तिथे पान नव्हतं. लोटा वाकडाच राहिला. पाणी सारवलेल्या जमिनीवर पडत राहिलं, लोटा रिकामा होईपर्यंत. जनीआयने माझ्या मांडीवर चिमटा काढला, इतका की पुढे तिथे काळं पडलं होतं. तिला आवाज नव्हता पण ओठांवरून कळलं, पुढे म्हण. मी सकल पितर या म्हटलं आणि पुढची हळदीची ओळ धरली. कशी म्हटली मला माहीत नाही. कोणीतरी सुलूच्या कपाळाला हळद लावली. ती खाली मान घालून बसली होती. तिला कळलंच नव्हतं.

हळद झाल्यावर हिरा उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वन्स, माज्या नवऱ्याला तुमी कुटं बसवलंत?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, चुकून गेलं. ती म्हणाली, चुकून गेलं ते म्हायती हाय, परत कसं घ्यायचं ते सांगा. आम्ही दोघींनी जनीआयकडे पाहिलं. जनीआयने जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघितलं. मग तिने दोन्ही हात उघडे करून दाखवले, रिकामे. पन्नास वर्षं धवले म्हणणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. ही चूक याआधी कोणी केलीच नव्हती.

मी देवभोळी बाई नाही. तेव्हाही नव्हते. नाव घेतल्याने माणूस मरत असता तर मी माझ्या सासूचं रोज घेतलं असतं. पण भीतीला हे समजावून भागत नाही. हिराने मांडवातल्या बायकांना एकेकीला धरून शपथ घातली, ही गोष्ट या मांडवाबाहेर जायची नाही. बायकांनी ती पाळली. लोक म्हणतात बायकांच्या तोंडात काही राहत नाही.

संध्याकाळच्या भरतीला बोट आली नाही. दुसऱ्या दिवशी लग्न. शेजारच्या घरातली माणसं म्हणाली, मढला निरोप पाठवा, दोन दिवस थांबवा. हिरा ऐकेना. कारण तिने कोणाला सांगितलं नाही, पण मला कळत होतं. लग्न थांबवायचं म्हणजे तो नाही हे आपण मान्य करायचं. तिने कासाराकडून मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. कासार म्हणाला, बाय, हात वाकणार नाही. ती म्हणाली, भर. सुलूच्या बापाच्या जागी चुलता बसला. खाडीतून नवऱ्याकडची होडी वाजतगाजत आली आणि सगळ्या बायका ती बघायला धावल्या. मी आणि हिरा तिच्या मागच्या पाण्याकडे बघत होतो. मला त्या लग्नातली एकही चव आठवत नाही. बांगड्यांचा आवाज आठवतो. हिरा वाढायला वाकली की तो यायचा आणि मी दर वेळेला मोजल्यासारखं ऐकायचे, अजून आहेत.

मुलगी निरोप घेताना बापाचं विचारत होती. मी तिला सांगितलं, येईल, तुझ्या पाचपरतावनाला येईल. खोटं बोलताना माझा आवाज अगदी सरळ आला. गाताना येतो तसाच.

परवा नात फोन पुढे धरून बसली होती. तिच्या कॉलेजात कोणीतरी सांगितलंय, जुनं गाणं जमा करा, नाहीतर जाईल. आज्जी, सगळ्या घरांची नावं म्हण. मी आठ घरांची म्हटली. नववं म्हणजे माझं माहेर. ते मी तिला बोलून सांगितलं, लिहून घे म्हटलं. ती म्हणाली, चाल हवी गं. मी म्हटलं, चाल त्या आठांची लाव, एकच आहे. तिला वाटलं मी थकले. तिने खोलीत पंखा वाढवला. या पोरांना वाटतं जुनं ते सगळं गोड असतं. त्यांच्या फोनात ते गोडच वाजतं. ज्या बायका ते म्हणायच्या त्यांच्या तळहाताला घाम यायचा, हे त्यात कुठे ऐकू येतं?

हळदीपासून तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना काशिनाथची बोट आली. सातपाटीच्या एका बोटीने तिला दोर लावून ओढत आणलं होतं. इंजिन बंद पडलं होतं आणि ते तीन दिवस वाऱ्याबरोबर वर वाहत गेले होते. चारही खलाशी जिवंत होते. काशिनाथ उतरला तेव्हा त्याचे ओठ फुटलेले होते आणि पापलेट सडले होते. किनाऱ्यावर वास सुटला. हिरा गुडघाभर पाण्यात गेली आणि त्याच्या छातीवर एक बुक्का मारला. मग घरी जाऊन भात लावला. मी वाळूवर बसून राहिले. मला वाटलं, संपलं. वाईट होतं ते टळलं. मी किती मूर्ख होते.

हिराने त्याला दोन दिवसांनी सांगितलं. शपथ बायकांची होती, नवऱ्याला सांगायला तिला हरकत वाटली नाही. काशिनाथला हसू आवरेना. तो माझ्या घरी आला आणि ओट्यावरूनच ओरडला, बाय, जेवायला बोलावलंस नि पान नाय मांडलंस? मी पण हसले. हळदीनंतर पहिल्यांदा. मग तो जाळी विणायच्या पडवीत गेला आणि तिथे सांगितलं. दारूच्या दुकानात सांगितलं. मढला जावयाकडे गेला तेव्हा होडीत बसून खाडी ओलांडेपर्यंत सांगितलं. मी मेलेला माणूस आहे, माझ्याकडून काय घेताय, असं म्हणून हसायचा. मी एकदाच म्हटलं होतं. त्याने ते पन्नास वेळा म्हटलं. पडवीत त्याचे खलाशी बसलेले असायचे. तेही हसायचे. पण खाली जाळ्याकडे बघून.

पावसाळ्याचे दोन महिने बोटी वर ओढलेल्या असतात. जाळी नीट करायची, फळ्यांना तेल द्यायचं, वाट बघायची. त्या पावसाळ्यात काशिनाथच्या बोटीला तेल द्यायला फक्त काशिनाथ आला. एका खलाशाच्या पाठीत उसण भरली होती. दुसऱ्याला गावी जायचं होतं. तिसरा दुसऱ्या बोटीवर लागला. राहिला पांडू, जो आमच्या बापापासून त्या बोटीवर होता. तो रोज यायचा, बोटीच्या सावलीला बसायचा, बिडी ओढायचा आणि बोटीला हात न लावता जायचा.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, बोटींना पताका लागल्या. दुसऱ्या दिवसापासून एकेक बाहेर पडायला लागली. काशिनाथने इंजिन नवीन बसवलं होतं. तो पांडूच्या दारात गेला. मी मासे साफ करत शेजारच्या ओट्यावर बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. पांडू आधी पायाचं कारण सांगत होता. काशिनाथ म्हणाला, पाय काय बोटीवर चालायला लागतो? मग पांडू म्हणाला, "तांडेल, तुला एकदा तिकडून बोलावणं आलंय. तू जा. आमची पोरं लहान हायत."

त्यात राग नव्हता. पांडू त्याच्यापुढे हात जोडून उभा होता. काशिनाथ तिथून सरळ माझ्याकडे आला. माझ्या हातात सुरी होती, ती मी खाली ठेवली. मला वाटलं आता तो म्हणेल, तुझ्या तोंडाने झालं हे. माझ्यासमोरचं माशाचं भांडं त्याने बघितलं, म्हणाला, मांदेली बारीक आहेत यंदा, आणि गेला. मी वाट बघत राहिले की तो कधीतरी म्हणेल. वर्षं गेली, त्याने म्हटलं नाही. शिवी एकदा खाल्ली की पचते. न दिलेली शिवी मात्र मी अजून गिळते आहे.

तो एकटा जाऊ शकत नव्हता. एवढी बोट एका माणसाने निघत नाही. गणपतीपर्यंत त्याने माणसं शोधली, मढला, भाटीला. तोपर्यंत सगळीकडे गोष्ट पोचली होती, आणि ती त्यानेच पोचवली होती. बोट त्याने सातपाटीवाल्यांना विकली. ते लांबून, दर्यातून आले होते आणि त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं. त्याच महिन्यात कोणीतरी सांगितलं, मरोळला कारखान्यांत राखणदार लागतात.

माझ्याकडे तो विचारायला आला तो याच्यासाठी. बाय, मरोळला कसं जायचं? त्याला कोणी रात्री काळोखात डहाणूपर्यंत पाठवलं असतं तर तो बिडी विझायच्या आत निघाला असता. अंधेरीला मात्र तो उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा गेला असेल. मी सांगितलं, बसने स्टेशनला उतर, पूल चढ, पूर्वेला उतर, तिथून दुसरी बस. त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं त्याला यातलं काही कळलेलं नाही. मी म्हटलं, चल, मी येते.

सकाळी मी टोपली घेतली नाही, पहिल्यांदाच. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अनवाणी निघाला होता, हिराने परत बोलावून चप्पल दिली. बसमध्ये दांडी धरून तो पाय फाकवून उभा होता, बोटीवर उभं राहतात तसा, आणि माणसं त्याला ढकलत होती. पुलावर तो माझ्या मागून चालला. दर्यावर त्याच्या मागून माणसं जायची. मी मागे वळून बघत होते, आहे ना. गर्दीत तो इतका लहान दिसत होता की मला वाटलं हा आता हरवणार, आणि हरवला तर कोणाला हाक मारायची, कोणत्या नावाने. भर सकाळी, एवढ्या माणसांत, मला हळदीच्या दुपारसारखंच गार वाटलं.

पूर्वेला उतरून आम्ही बसच्या रांगेत उभे राहिलो. चारी बाजूंना इमारती, वर तारा, समोर धूर. काशिनाथने मान वर केली, नाक फुगवून वास घेतला आणि कपाळाला आठी घातली. मग हळूच, कोणी ऐकू नये असं विचारलं, "बाय, हितून दर्या कंच्या अंगाला?"

मी रोज अंधेरीला यायचे. मला माहीत असायला हवं होतं. मी अंदाजाने हात केला. तो त्या बाजूला तोंड करून उभा राहिला, बस येईपर्यंत.